खेळ अडखळतो तेव्हा : नवीन संगणक घेण्यापूर्वी



सुट्ट्या जवळ आल्या की संगणक कक्षात एक प्रश्न हमखास विचारला जातो. "सर, घरच्या कॉम्प्युटरवर गेम अडकत चालतो. नवीन घ्यावा लागेल का?" पालकसभेच्या दिवशी तोच प्रश्न दुसऱ्या बाजूने येतो. "मुलगा म्हणतो, ग्राफिक्स कार्ड हवे. खरेच हवे का हो?" हा खर्च काही हजारांचा असतो, कधी कधी त्याहूनही बराच मोठा. असा निर्णय मुलाच्या हट्टावर होऊ नये, तसाच "गेम म्हणजे वेळेचा अपव्यय" एवढे बोलून विषय मिटवूनही होऊ नये. तो मोजून व्हावा. कसे मोजायचे आणि मोजल्यावर काय बदलायचे, हे या पाठात पाहू. खेळ किती वेळ खेळावा हा प्रश्न वेगळा आहे आणि तो प्रत्येक घराने ठरवायचा आहे.

१. अडखळणे म्हणजे नेमके काय?

चित्रपटात एका सेकंदाला २४ स्थिर चित्रे दाखवतात आणि आपल्याला हालचाल दिसते. संगणकातील खेळही असाच चालतो. फरक एवढाच की चित्रपटाची चित्रे आधीच तयार असतात, खेळातली चित्रे मात्र आपण बटण दाबू तशी त्या त्या क्षणी काढावी लागतात. अशा एका चित्राला फ्रेम म्हणतात. एका सेकंदात किती फ्रेम तयार झाल्या, तो आकडा म्हणजे एफपीएस.

एका सेकंदाचे १००० मिलिसेकंद. त्याला फ्रेमच्या संख्येने भागले की एका फ्रेमसाठी संगणकाला मिळणारा वेळ कळतो :

३० फ्रेम : प्रत्येकी ३३.३ मिलिसेकंद
६० फ्रेम : प्रत्येकी १६.७ मिलिसेकंद
१२० फ्रेम : प्रत्येकी ८.३ मिलिसेकंद

३० वरून ६० वर गेलो तर प्रत्येक फ्रेममागे सुमारे १६.७ मिलिसेकंद वाचतात. ६० वरून १२० वर गेलो तर फक्त ८.३ वाचतात. म्हणजे पहिल्या दुपटीचा लाभ मोठा, दुसरीचा लहान. शिवाय घरचा मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर तो सेकंदाला ६० वेळाच चित्र बदलतो. त्यापुढच्या फ्रेम संगणकाने काढल्या तरी त्या सगळ्या पडद्यावर येत नाहीत. "माझ्या मित्राकडे १४४ येतात" असे सांगणाऱ्याने आधी स्वतःचा मॉनिटर किती हर्ट्झचा आहे ते पाहावे.

येथे गणिताचा एक धडाही आहे. समजा, ४० फ्रेम प्रत्येकी १५ मिलिसेकंदांत तयार झाल्या आणि पुढच्या एका फ्रेमला ४०० मिलिसेकंद लागले. एकूण १००० मिलिसेकंदांत ४१ फ्रेम झाल्या. आकडा ४१, म्हणजे चांगलाच. पण खेळणाऱ्याला जवळजवळ अर्धा सेकंद थिजलेले चित्र दिसले. सरासरी हा हिसका लपवते. म्हणून मोजताना सरासरीबरोबर सर्वांत कमी आकडाही लिहून ठेवावा.

२. थकले आहे कोण?

घरी आपण ज्या डब्याला "सीपीयू" म्हणतो तो खरे तर कॅबिनेट. त्याच्या आत एकाहून अधिक कामगार आहेत. प्रोसेसर, म्हणजे खरा सीपीयू, खेळाचे नियम सांभाळतो : कोण कुठे आहे, चेंडू कुठे पडेल, शत्रू कोणत्या दिशेने येईल. ग्राफिक्सचा भाग त्या माहितीवरून चित्र रंगवतो. हा भाग स्वतंत्र कार्डावर असू शकतो किंवा प्रोसेसरमध्येच असू शकतो. घरगुती संगणकांत बहुधा दुसरा प्रकार असतो आणि तो संगणकाचीच रॅम वाटून वापरतो. स्वतंत्र कार्डाला स्वतःची मेमरी असते.

एकाचे काम संपल्याशिवाय फ्रेम पूर्ण होत नाही. त्यामुळे जो सर्वांत हळू, त्याच्या वेगाने खेळ चालतो. प्रोसेसर थकलेला असताना ग्राफिक्स कार्ड नवे आणले तर पैसे जातात आणि खेळ होता तसाच अडखळतो. खरेदीआधी हे तपासणे म्हणूनच आवश्यक आहे.

तपासणी घरी करता येते :

(अ) खेळाच्या सेटिंगमध्ये व्हीसिंक आणि फ्रेमची कमाल मर्यादा बंद करा. ती चालू असली तर आकडा मुद्दाम अडवलेला असतो आणि तपासणी फसते.
(आ) खेळात एका जागी स्थिर उभे राहा व फ्रेमचा आकडा लिहा.
(इ) रिझोल्यूशन १९२० × १०८० असेल तर १२८० × ७२० करा. बाकी काहीही बदलू नका.
(ई) त्याच जागी, त्याच दिशेला तोंड करून पुन्हा आकडा लिहा.

आकडा बराच वाढला तर ताण ग्राफिक्सच्या भागावर होता. आकडा जवळपास तेवढाच राहिला तर ताण प्रोसेसरवर आहे. त्याला पडद्यावरच्या ठिपक्यांशी फारसे देणेघेणे नसते.

विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. तेथेही प्रोसेसर, मेमरी आणि ग्राफिक्स किती टक्के व्यस्त आहेत ते दिसते. मात्र प्रोसेसरचा एकूण आकडा जपून वाचावा. संगणकात आठ लॉजिकल प्रोसेसर असतील आणि खेळाने त्यांतला एकच पूर्ण राबवला असेल तर एकूण आकडा १२–१३ टक्केच दिसतो. वरवर पाहता प्रोसेसर रिकामा वाटतो, पण तसे नसते. म्हणून रिझोल्यूशनची चाचणी अधिक भरवशाची.

३. रिझोल्यूशन : ठिपक्यांचा हिशेब

पडद्यावरचे चित्र बारीक ठिपक्यांचे असते. आडवे ठिपके गुणिले उभे ठिपके, इतके सोपे गणित आहे :

१२८० × ७२० = ९,२१,६००
१३६६ × ७६८ = १०,४९,०८८
१९२० × १०८० = २०,७३,६००
३८४० × २१६० = ८२,९४,४००

तिसरी ओळ पहिल्या ओळीच्या सव्वादोन पट आहे आणि चौथी ओळ तिसरीच्या चौपट. चौथ्या ओळीचा, म्हणजे फोर-के मॉनिटर आणला की त्याच ग्राफिक्स भागावर चौपट ठिपके रंगवण्याचे काम पडते. ग्राफिक्सवर ताण असेल तेव्हा रिझोल्यूशन एक पायरी खाली आणणे हा सर्वांत परिणामकारक उपाय. त्याची किंमतही आहे : चित्र थोडे धूसर होते आणि बारीक अक्षरे वाचणे कठीण जाते.

म्हणून बऱ्याच नव्या खेळांत मधला मार्ग दिलेला असतो. चित्र कमी रिझोल्यूशनवर काढायचे आणि मग हिशेबाने मोठे करून दाखवायचे. एनव्हिडिया कंपनीने २०१८ साली डीएलएसएस नावाने आणि एएमडीने २०२१ साली एफएसआर नावाने अशी सोय आणली. डीएलएसएसला त्या कंपनीची आरटीएक्स मालिकेतील कार्डे लागतात. एफएसआरची सुरुवातीची रूपे मात्र इतर कंपन्यांच्या कार्डांवरही चालतात. खेळात असा पर्याय असेल तर तो "क्वालिटी" या पायरीवर ठेवून आधी पाहावा.

४. कोणत्या सेटिंगची किंमत किती?

सेटिंगचे पान उघडले की पंधरा-वीस नावे दिसतात. बहुतेक मुले सगळेच "लो" करतात किंवा सगळेच "हाय". दोन्ही चुकीचे. प्रत्येक नावामागे कोणते काम आहे हे कळले की कुठे काटकसर करायची ते आपोआप कळते.

शॅडो, म्हणजे सावल्या : हे महागडे काम. सावली काढण्याची सर्वांत रूढ पद्धत लान्स विल्यम्स यांनी १९७८ साली मांडली. तीत दृश्य आधी दिव्याच्या किंवा सूर्याच्या जागेवरून काढून पाहतात. दिव्याला जे दिसत नाही ते सावलीत. म्हणजे तेच दृश्य पुन्हा एकदा काढावे लागते. सावल्या "अल्ट्रा"वरून "मीडियम"वर आणल्या तर खेळताना फरक क्वचितच जाणवतो, वेग मात्र वाढतो. पहिली काटकसर येथे करावी.

ड्रॉ डिस्टन्स किंवा व्ह्यू डिस्टन्स, म्हणजे किती दूरचे दाखवायचे : याचा भार प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघांवर पडतो. प्रोसेसर थकलेला असेल तर आधी हे कमी करावे. गर्दी, वाहने, माणसांची संख्या यांची सेटिंगही याच गटातली.

टेक्स्चर, म्हणजे वस्तूंवर चिकटवलेली चित्रे : येथे प्रश्न वेगापेक्षा जागेचा आहे. ४०९६ × ४०९६ ठिपक्यांच्या चित्राला प्रत्येक ठिपक्यामागे ४ बाइट धरले तर ६४ मेगाबाइट जागा लागते. २०४८ × २०४८ केले तर १६ मेगाबाइट, म्हणजे चौथा हिस्सा. प्रत्यक्षात ही चित्रे दाबून साठवतात, पण प्रमाण तेच राहते. ग्राफिक्सच्या मेमरीत सगळे मावत असेल तर टेक्स्चर "हाय" ठेवल्याने वेग फारसा घटत नाही. मावत नसेल तर मात्र वळण घेताच खेळ हिसके देऊ लागतो. हिसके हीच येथली खूण.

अँटी-अलायझिंग : तिरप्या रेषांच्या कडा जिन्याच्या पायऱ्यांसारख्या दिसतात, त्या गुळगुळीत करण्याचे काम. याचे प्रकार अनेक. एमएसएए महाग, कारण तो कडेच्या प्रत्येक ठिपक्याचे अनेक नमुने तपासतो. एफएक्सएए स्वस्त, कारण तो तयार चित्रावर शेवटी हात फिरवतो.

मोशन ब्लर, डेप्थ ऑफ फील्ड, फिल्म ग्रेन : ही शेवटची सजावट. बंद केली तरी खेळ कळण्यात काही उणे पडत नाही, उलट चित्र स्पष्ट दिसते.

व्हीसिंक : चित्र मॉनिटरच्या तालावर दाखवते. त्यामुळे चित्र मधोमध फाटल्यासारखे दिसत नाही, पण हाताच्या हालचालीला प्रतिसाद किंचित उशिरा मिळतो. तपासणी संपल्यावर दोन्ही प्रकारे खेळून पाहावे आणि जे आवडेल ते ठेवावे.

५. एक उदाहरण : माइनक्राफ्ट

हा खेळ मुलांच्या चांगलाच परिचयाचा, म्हणून तोच घेऊ. स्वीडनमधील मोजांग कंपनीने तो १८ नोव्हेंबर २०११ रोजी पूर्ण रूपात प्रकाशित केला आणि २०१४ साली मायक्रोसॉफ्टने ती कंपनी अडीच अब्ज डॉलरला विकत घेतली. दिसायला ठोकळ्यांचा साधा खेळ, तरी जुन्या संगणकाला तो घाम फोडतो. असे का?

उत्तर "रेंडर डिस्टन्स" या सेटिंगमध्ये आहे. खेळातली जमीन १६ × १६ ठोकळ्यांच्या तुकड्यांत विभागलेली असते. अशा तुकड्याला चंक म्हणतात. रेंडर डिस्टन्स ८ म्हणजे आपल्या चारही बाजूंना ८ चंक. आपण उभे आहोत तो एक धरून चौरसाची बाजू ८ + १ + ८ = १७ आणि एकूण चंक १७ × १७ = २८९. रेंडर डिस्टन्स १६ केले तर बाजू ३३ आणि चंक १०८९. आकडा दुप्पट केला, काम मात्र पावणेचार पटींहून अधिक झाले. खेळाच्या नव्या आवृत्त्या कोपरे वगळून गोलाकार भाग धरतात, तरी वाढीचे प्रमाण साधारण असेच राहते. क्षेत्रफळ बाजूच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे आपण भूमितीत शिकलोच आहोत.

२०२१ च्या १.१८ आवृत्तीपासून प्रत्येक चंकची उंची ३८४ ठोकळे आहे. म्हणजे एका चंकमध्ये १६ × १६ × ३८४ = ९८,३०४ जागा. २८९ चंकचे झाले सुमारे २ कोटी ८४ लाख आणि १०८९ चंकचे सुमारे १० कोटी ७० लाख. यांतल्या कितीतरी जागा नुसत्या हवेच्या असतात आणि आत दडलेले ठोकळे रंगवले जात नाहीत. तरी कोणता ठोकळा दिसणार हे ठरवण्याचे काम संगणकालाच करायचे असते.

जावा आवृत्तीत एफ३ हे बटण दाबले की फ्रेमचा आकडा पडद्यावर येतो. काही लॅपटॉपवर त्याबरोबर एफएन बटणही दाबावे लागते. आता व्हिडिओ सेटिंग्जमध्ये हा क्रम घ्या : रेंडर डिस्टन्स ८, सिम्युलेशन डिस्टन्स, म्हणजे किती अंतरापर्यंतचे प्राणी व पिके जिवंत ठेवायची, ती कमी, ग्राफिक्स "फास्ट", ज्यात झाडांची पाने आरपार न दिसता भरीव दिसतात, ढग बंद, पार्टिकल्स कमी. प्रत्येक बदलानंतर आकडा लिहा. बऱ्याचदा पहिल्याच बदलाने काम भागते आणि बाकीचे पुन्हा चढवता येतात.

६. सेटिंगच्या पानाबाहेरची कारणे

खेळ पहिली दहा मिनिटे नीट चालतो आणि मग मंदावतो, अशी तक्रार असेल तर आधी उष्णतेचा विचार करा. प्रोसेसर फार तापला की तो स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करतो. आपल्या बडोद्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. अशा दिवसांत बंद खोलीत, गादीवर ठेवलेला लॅपटॉप खालून हवा घेऊ शकत नाही. तो टेबलावर ठेवा. कॅबिनेटच्या पंख्यांवर साचलेली धूळ वर्षातून एकदोनदा वीज बंद करून काढा. हे काम मोठ्यांसमोरच करावे.

लॅपटॉप चार्जरला जोडलेला आहे का आणि वीजबचतीची पद्धत चालू राहिली आहे का, तेही पाहा. डेस्कटॉपला स्वतंत्र कार्ड असेल तर मॉनिटरची केबल त्या कार्डालाच लावलेली हवी. ती मदरबोर्डच्या खाचेत लागलेली असेल तर महागडे कार्ड नुसते बसून राहण्याची शक्यता असते. ग्राफिक्स प्रोसेसरमध्येच असेल आणि रॅमची एकच पट्टी असेल, तर दोन पट्ट्यांची जोडी बसवल्यानेही लक्षात येण्यासारखा फरक पडतो.

एक इशारा. "एका क्लिकमध्ये एफपीएस दुप्पट" असे सांगणारी अनोळखी सॉफ्टवेअर उतरवून घेऊ नका. अशा फाइलींतून व्हायरस येण्याचा धोका असतो आणि त्याच संगणकावर घरातील बँकेचे व्यवहार होत असतात. ग्राफिक्सचा ड्रायव्हर हवा असेल तर तो कार्ड बनवणाऱ्या किंवा लॅपटॉपच्या कंपनीच्या अधिकृत ठिकाणावरूनच घ्यावा.

७. मोजण्याची शिस्त

विज्ञानाच्या प्रयोगात आपण एका वेळी एकच गोष्ट बदलतो. येथेही तसेच करावे. पाच सेटिंग एकदम बदलल्या आणि खेळ वेगवान झाला, तर कशामुळे झाला हे सांगता येत नाही. जागा तीच, दिशा तीच, वेळ एक मिनिट. वहीत चार रकाने आखा : बदललेली सेटिंग, सरासरी आकडा, सर्वांत कमी आकडा, चित्रात दिसलेला फरक. प्रत्येक मोजणी तीनदा करा. तिन्ही आकडे जवळपास आले तर विश्वास ठेवा, नाहीतर पुन्हा मोजा.

चौथा रकाना विसरू नका. ज्या सेटिंगने वेग वाढला आणि चित्रात काही फरक दिसला नाही, ती खाली ठेवावी. जिने वेग वाढला नाही ती पूर्ववत करावी. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात, पण त्यासाठी अंथरूण किती लांब आहे हे आधी मोजावे लागते.

८. मग खरेदी कधी?

हा सगळा तक्ता भरल्यावरही खेळ ३० च्या खालीच राहत असेल, किंवा खेळाच्या खोक्यावर सांगितलेली किमान गरजच आपल्या संगणकाहून मोठी असेल, तर खरेदीचा विचार योग्य आहे. तेव्हाही दुकानात "चांगले कार्ड द्या" असे म्हणू नये. वही सोबत न्यावी. ताण प्रोसेसरवर आहे की ग्राफिक्सवर, कॅबिनेटमधील एसएमपीएस किती वॉटचा आहे, आत जागा किती आहे, मॉनिटर किती हर्ट्झचा आहे, हे चार प्रश्न सुटलेले असले की दुकानदारही नेमका सल्ला देऊ शकतो.

पालकांना आमची विनंती अशी की मुलाने मागणी केली तर नकार किंवा होकार देण्याआधी हा तक्ता मागावा. तो भरताना मुलगा किंवा मुलगी भागाकार, वर्ग, सरासरी आणि प्रयोगाची शिस्त सगळे वापरते, आणि मागणीला आधार द्यावा लागतो हेही शिकते. विश्वस्तांनाही हाच तक्ता उपयोगी पडेल. शाळेच्या कक्षातील यंत्रे मंद वाटली तर कोणता प्रोग्राम कुठे अडतो हे मोजून मगच मागणी व्हावी. कधी यंत्र बदलावे लागेल, कधी रॅमची एक पट्टी पुरेल. मोजमापाचे पान मागणीपत्राला जोडले तर निर्णय सोपा होतो आणि संस्थेचा पैसा योग्य जागी लागतो.

स्वाध्याय

१. ४५ एफपीएसला एका फ्रेमसाठी किती मिलिसेकंद मिळतात?
२. १६०० × ९०० या रिझोल्यूशनमध्ये एकूण ठिपके किती? १९२० × १०८० च्या तुलनेत किती टक्के काम कमी होईल?
३. माइनक्राफ्टमध्ये रेंडर डिस्टन्स १२ असेल तर चौरस धरून चंक किती? ८ च्या तुलनेत किती पट?
४. रिझोल्यूशन कमी केले तरी एफपीएस ३८ च राहिले. कोणावर ताण आहे? कोणती सेटिंग आधी कमी कराल?
५. घरच्या संगणकावर वरील चार रकान्यांचा तक्ता सुट्टीत तयार करा. घरी संगणक नसेल तर दोघातिघांनी मिळून संगणक कक्षात करा. तक्ता पालकांच्या सहीने वर्गात आणावा.

उत्तरे : (१) २२.२ मिलिसेकंद. (२) १४,४०,००० ठिपके, सुमारे ३०.६ टक्के कमी. (३) ६२५ चंक, सुमारे २.१६ पट. (४) प्रोसेसरवर, ड्रॉ डिस्टन्स आणि गर्दीची सेटिंग.